आधी खंजिरी ऐका, मग हार घाला

आमच्या अमरावतीत गॅदरिंगचे दिवस आले की एक वाद हमखास निघतो. पोट्टे स्टेजवर गिटार आणि ड्रमसेट चढवतात, एखादे इंग्रजी गाणे घेतात, आणि पहिल्या रांगेतले कुणीतरी ज्येष्ठ शेजाऱ्याच्या कानाशी लागतात : ‘कापसाच्या मातीत हे विलायती काहून? आपली खंजिरी काय वाईट होती?’ हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकले आहे की आता ते म्हणीसारखे वाटते. मात्र खंजिरीचे भजन शेवटचे बसून कधी ऐकले, असे याच ज्येष्ठांना विचारले की ते तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची आठवण सांगतात, तीही हारतुऱ्यांची.

त्या एका वाक्यात दोन चुका आहेत. गिटारविषयीची चूक इतिहासाची आहे आणि खंजिरीविषयीची कानाची. दुसरी मला अधिक सलते, पण आधी पहिली निपटून टाकतो.

गिटारवरचे ते संगीत उगवले कापसाच्याच मातीत. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डेल्टा नावाचा सपाट, सुपीक पट्टा आहे. तिथल्या मळ्यांवर बटईने राबणाऱ्या काळ्या मजुरांमध्ये ब्लूज वाढला. चार्ली पॅटन हा त्यातल्या आरंभीच्या मोठ्या गायकांपैकी एक. तो डॉकरी नावाच्या कापसाच्या मळ्यावर राहिलेला. १९२९ मध्ये त्याने कपाशी खाणाऱ्या किड्यावरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्यात किडा जणू पाहुणा म्हणून येतो आणि घर करून राहतो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने आपली पऱ्हाटी पोखरली, तेव्हा ते गाणे मला पहिल्यांदा नीट कळले. अळी वेगळी, किडा वेगळा. उघडलेले बोंड हातात घेऊन उभ्या माणसाचा चेहरा तोच.

या दोन मातींचा व्यवहार तर त्याहून जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, दक्षिणेतली बंदरे अडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले, खामगावचा बाजार फुगला, कापसामागोमाग रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. युद्ध संपताच भाव कोसळले, पण कास्तकार नगदी पिकाच्या फेऱ्यात अडकला तो अडकलाच. तिकडे गुलामी मोडणारे आणि इकडे वऱ्हाडाला कापसाच्या दावणीला बांधणारे युद्ध एकच होते. तेव्हा ‘कापसाच्या मातीत गिटार कशाला’ हा प्रश्न निदान अमरावती-अकोल्यात तरी कुणी विचारू नये.

डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने लिहून ठेवले आहे की १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्याने एक फाटका माणूस पाहिला. तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत तो रेल्वेचेच गाणे गात होता. हा प्रसंग वाचला की मला मूर्तिजापूरचे स्टेशन आणि कापूस वाहण्यासाठी टाकलेली आपली अरुंद रुळांची शकुंतला आठवते. गाडीची वाट पाहणारी फाटकी माणसे आपल्याकडेही होती. ती काय गुणगुणत होती हे लिहून ठेवणारा हँडी आपल्याला मिळाला नाही.

आता उलट बाजूचे उत्साही लोक. ब्लूजचे नाव काढले की ते लगेच म्हणतात, ‘अहो, खंजिरी म्हणजे आपला ब्लूजच!’ हेही मला मान्य नाही. ब्लूज एकट्या माणसाचे दुःख सांगतो : बायको गेली, मालकाने हिशोबात बुडवले, उद्या गाव सोडणार. त्यात उपदेश नसतो, देवही बहुधा नसतो. तुकडोजी महाराजांचे भजन अख्ख्या गावाला उद्देशून आहे. ते गाव झाडायला, व्यसन सोडायला, एकत्र प्रार्थनेला बसायला सांगते. आणि वऱ्हाडातला कुणबी कर्जात बुडालेला असला तरी कुणाच्या मालकीचा नव्हता. काळ्या माणसाचे आजे-पणजे बाजारात विकले गेले होते. हा फरक पुसून गळ्यात गळे घालणे बरे नाही. ब्लूजच्या जातीचे दुःख आपल्याकडे शोधायचेच असेल तर जात्यावर बसलेल्या बाईकडे जावे लागेल.

मग ब्लूज आणि खंजिरी यांची नावे मी एका लेखात का घेतो? प्रभाव या शब्दाचा अर्थ आपण चुकीचा लावतो म्हणून. थोर कलावंताची चाल पुढच्यांनी जशीच्या तशी गायली की आपण त्याला प्रभाव म्हणतो. आरंभीच्या ब्लूजवाल्यांनी मागे ठेवला तो एक साचा, आणि तोही उघडा. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा. खाली बारा मात्रागटांचे ठरलेले चक्र. पहिली ओळ दोनदा येते तेवढ्यात तिसरी सुचते, म्हणजे जागेवर रचायची सोय साच्यातच आहे. तो शिकायला कॉन्झर्वेटरी लागत नाही, एक गिटार पुरते. स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबणारा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला गेला आणि त्या गोंगाटात ऐकू जावे म्हणून त्याने तोच साचा विजेच्या गिटारवर चढवला. १९५० च्या त्याच्या एका गाण्यावरून १९६२ मध्ये लंडनच्या पोरांनी आपल्या बँडला रोलिंग स्टोन्स हे नाव दिले. चक बेरीने त्याच साच्याला वेग दिला आणि त्याला जग रॉक अँड रोल म्हणू लागले. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकणारा फारुख बलसारा, पुढचा फ्रेडी मर्क्युरी, १९५८ च्या सुमारास शाळेतल्या बँडमध्ये असलीच गाणी वाजवत होता. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात याच धर्तीचे, निरर्थक शब्दांचे जे गाणे केले, ते आजही लग्नाच्या वरातीत वाजते. त्यावर नाचणाऱ्या एकाही वऱ्हाडी काकांनी ते विलायती असल्याची तक्रार केलेली मी पाहिली नाही.

हीच कसोटी आता खंजिरीला लावू. लाकडी कडे, एका अंगाला चामडे, कड्यात खुळखुळणाऱ्या चकत्या. गिटारहूनही गरीब वाद्य. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिकने ते हाती घेतले. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटले, आणि त्याच नावाची मुद्रा पुढे हजारो मराठी-हिंदी भजनांच्या शेवटी लागली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभे राहिले. १९४२ मध्ये चिमूर-आष्टीच्या उठावानंतर इंग्रज सरकारने या भजनवाल्याला तुरुंगात टाकले. खंजिरीत दम नसता तर सरकारने एवढी तसदी घेतली नसती. यातला साचाही उघडाच आहे. पुढचा एक ओळ फेकतो, मागचे ती उचलतात, आणि ती उचलली जात असताना पुढचा पुढची ओळ जुळवतो. मधल्या ठेक्यावर बोलता येते, थट्टा करता येते, समोर बसलेल्या पाटलाला नाव न घेता टोचता येते. शब्द उद्याचे भरा, साचा चालतोच.

पुरावा पाहायचा तर अकोटला जावे. सत्यपाल महाराजांनी एका खंजिरीच्या सात केल्या. एकटा माणूस सात खंजिऱ्यांवर हात फिरवतो आणि त्यातूनच हुंड्यावर, दारूवर, बुवाबाजीवर बोलतो. मडी वॉटर्सने वीज जोडली तसेच हे आहे : वारसा तोच, आवाका नवा. पुढे अनेक तरुण कीर्तनकारांनी सप्तखंजिरी उचलली, आणि कित्येकांनी आपल्या नावापुढे ‘पाल’ जोडले. ब्लूजमध्ये सनी बॉय विल्यमसन नावाचे दोन हार्मोनिकावाले होऊन गेले. दुसऱ्याने पहिल्याच्या हयातीतच त्याचे नाव खुशाल वापरले. आपल्या पोरांनी निदान अर्धेच नाव घेतले, आणि तेही आदराने. माणसे एखाद्याचे नाव स्वतःला लावून फिरतात, तेव्हा त्याच्या प्रभावाचा आणखी कोणता दाखला हवा?

येथे संगीतज्ञ मंडळी घसा खाकरतात. ‘यात संगीत कुठे आहे? दोन-चार ठेके, सोपी चाल, बाकी सगळे बोलणे.’ ब्लूजविषयीही नेमके हेच म्हटले गेले होते. पण ब्लूज गाणारा कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेवर सूर लावतो; ती जागा पियानोच्या पट्ट्यांत नाही, त्याच्या गळ्यात आहे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानासोबत पृथ्वीचे संगीत अवकाशात पाठवले. त्या तबकडीवर जयपूर-अत्रौली घराण्याच्या केसरबाई केरकर आहेत, रस्त्यावर गाणारा अंध विली जॉन्सन आहे आणि चक बेरीही आहे. निवडणाऱ्यांना केसरबाईंच्या शेजारी चक बेरी बसवताना संकोच वाटला नाही. आपल्याला तुकडोजींचे भजन संगीताच्या कार्यक्रमात ठेवताना वाटतो; आपण ते प्रबोधनाच्या कार्यक्रमात ठेवतो, भाषणांच्या मधोमध, माइकवाल्याने आवाज कमी करून.

सगळ्यात अवघड आक्षेप भक्तांचा आहे : ‘ते संत होते, त्यांना वादक म्हणून लहान करू नका.’ मला यातली श्रद्धा समजते, हिशेब समजत नाही. रॉबर्ट जॉन्सनचे काय झाले पाहा. त्याची १९३६-३७ मधली २९ गाणी आपल्याकडे आहेत, पण लोक सांगतात ती चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा. सैतानाने शिकवले म्हटले की इतरांच्या तबकड्या ऐकून त्याने केलेली मेहनत झाकली जाते. देवाने शिकवले म्हटले तरी तेच होते. चमत्कार पुढे आला की रियाज मागे पडतो. मोझरीत पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे स्तब्ध उभी राहतात. मी उभा राहिलो आहे, अंगावर काटा येतो. पण ज्याने आयुष्यभर ठेका धरला त्याची आठवण मौनावरच थांबू नये, एवढेच माझे म्हणणे.

गाडगेबाबांचेही तेच. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाच्या शेतात राबलेला डेबू पुढे अख्ख्या महाराष्ट्राला प्रश्न विचारत फिरला. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेली सवाल-जबाबाची झटापट : प्रश्न, क्षणभर थांबणे, हजारोंचे एकमुखी उत्तर, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. १९५६ मध्ये, शेवटच्या काही आठवड्यांत, मुंबईला वांद्र्यात झालेले त्यांचे एक कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते अर्थासाठी सगळे ऐकतात. एकदा लयीसाठी ऐकून पाहा. कुठे थांबायचे हे त्या निरक्षर माणसाला जेवढे कळत होते तेवढे आमच्या पदवीधर निवेदकांना कळत नाही. आज विदर्भातल्या दोन विद्यापीठांना या दोघांची नावे आहेत, नागपूरला खंजिरीवाल्याचे आणि अमरावतीला कीर्तनकाराचे. जगात असा दुसरा प्रांत मला ठाऊक नाही. प्रवेशद्वारांवर नावे आली, तशी ती संगीताच्या अभ्यासातही यायला हवीत.

काळ्या अमेरिकेशी आपला आणखी एक धागा आहे आणि तो अधिक थेट आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९०३ मध्ये आलेल्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात याच ड्यू बॉइस यांनी प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांचे स्वरलेखन छापले होते. १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्या पँथरवरून. १४ एप्रिलच्या रात्री अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ उभे राहून पाहा. ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड, पेटीच्या जोडीला कीबोर्ड, आणि मैदानात दोन गायन पार्ट्यांची दुय्यम कव्वाली असेल तर पहाटेपर्यंत सवाल-जबाब. भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातले. त्यांचा साचा इथे अजून चालू आहे, दरवर्षी नव्या शब्दांनी. ‘विलायती’ म्हणून नाक मुरडणाऱ्या ज्येष्ठांना मी हे ऑक्टोपॅड मुद्दाम दाखवतो. कुणाच्या हातात गेले की वाद्य आपले होते, याचे उत्तर त्या चौकात मिळते.

त्या गॅदरिंगच्या पोरांवर माझाही एक राग आहे, तो मात्र वेगळा. ते गिटार वाजवतात याचा राग नाही. तीनच कॉर्ड येतात याचाही नाही, चक बेरीलाही फार लागत नसत. पण ते चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकडीची हुबेहूब नक्कल करतात, आणि ज्या संगीताचे सगळे बळ जागेवर रचण्यात आहे त्यात स्वतःची एक ओळ घालत नाहीत. दहा किलोमीटरवर वेचणीची मजुरी किती झाली, यावर तिसरी ओळ सहज सुचेल. मिसिसिपीत हॉप्सनच्या मळ्यावर १९४४ मध्ये यंत्राने कापूस वेचला, वेचणारे हात शहरांकडे निघाले आणि गाणे त्यांच्यासोबत गेले. आपल्याकडे वेचणी अजून बायांच्या हातात आहे. कमरेला ओटी बांधून तासाला लागलेल्या त्या बाया काय म्हणतात हे ऐकायला शिकागोला जावे लागत नाही.

तेव्हा ज्येष्ठांना आणि पोट्ट्यांना एकच विनंती. तुमच्या गावात खंजिरी वाजवणारा एखादा म्हातारा नक्की असेल, भजनाची जुनी वही उशाशी ठेवून झोपणारा. या दिवाळीत त्याच्याकडे जा. फोनवर त्याचे चार ठेके नोंदवून घ्या, आणि त्यासोबत त्याचे नाव, गाव, तारीख आणि तो ठेका त्याला कुणी शिकवला, एवढे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. हार नंतर घाला.