चाकांवरचं घर पर्यटकांना, कोपी ऊसतोड कामगारांना! ट्रॉलीचा पर्याय खरंच जमेल का?

मोबाईलवर सध्या एका प्रकारचे व्हिडिओ जोरात चालतात. लोखंडी चॅसीवर चौकट उभी करायची, पत्रा ठोकायचा, आत गादी, शेगडी, दिवा आणि वर सोलर पॅनल बसवायचं. मग गाडीमागं जोडून निघायचं फिरायला. याला म्हणतात कॅम्पर ट्रेलर. आपल्याकडं तालुक्याच्या गावी ट्रॉल्या बनवणारी वर्कशॉप आहेत, त्यांना यात अवघड काही नाही. राज्य सरकारनं तर २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पर्यटकाची गाडी जिथं थांबेल तिथं त्याला पाणी, वीज, स्वच्छतागृह मिळावं, असा त्यामागचा विचार.

विचार चांगलाच आहे. पण आपल्या भागात वर्षातले पाच-सहा महिने घराबाहेर काढणारी माणसं पर्यटक नाहीत, ते ऊसतोड कामगार आहेत. दिवाळीच्या आसपास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, पाथर्डी या तालुक्यांतली गावं रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा दहा-बारा कोयत्यांची टोळी संसार गाडीत भरून निघते. पुढं मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कोपीत. बांबू, चटई, ताडपत्री एवढंच घर. संडास नाही, न्हाणी नाही. बाया अंधार असतानाच उठून उरकून घेतात. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा विषय गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा या बायांच्या आरोग्याबरोबर त्या राहतात कशा, हाही प्रश्न सगळ्यांसमोर आला. कोपी मात्र आजही कोपीच आहे.

मग चाकांवरचं घर इथं चालेल का? हिशेब करूनच बघू.

शेतकऱ्यांनी हे करून दाखवलंय

नोव्हेंबर २०२० मध्ये पंजाब-हरियाणातले शेतकरी दिल्लीच्या सीमेवर गेले ते ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊनच. सिंघू, टिकरी इथं त्यांनी जवळपास वर्षभर मुक्काम केला. बांबू वाकवून ट्रॉलीवर कमानी केल्या, वरून ताडपत्री ओढली, खाली भाताचा पेंढा आणि त्यावर गाद्या. बॅटरीवर दिवे लावले, मोबाईल चार्जिंगची सोय केली. आंदोलनाचं एक पत्रकही निघालं, त्याचं नाव ‘ट्रॉली टाइम्स’. थंडी, पाऊस, उन्हाळा सगळं त्या ट्रॉल्यांनी झेललं. म्हणजे ट्रॉलीत माणूस राहू शकतो, हे सांगायला परदेशातला व्हिडिओ लागत नाही.

एका कुटुंबाची ट्रॉली बनवायची तर

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि सहा फूट उंच खोली धरा. चॅनलची चॅसी, चौकोनी पाइपची चौकट, बाहेरून पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि खाली प्लायवूड. ॲक्सल आणि चाकं धरून रिकामं वजन ढोबळमानानं ३५० ते ४०० किलो होतं. पत्र्याखाली थर्माकोल नसेल तर दुपारी आत भट्टी होईल. समोरासमोर जाळीच्या दोन खिडक्या हव्यातच. मागचा फाळका खाली उघडला की ओटा तयार होतो, त्यावर ताडपत्री ताणली की स्वयंपाक बाहेर.

स्वयंपाक बाहेरच करावा. चुलीचा किंवा कोळशाचा धूर बंद खोलीत साठला तर झोपेतच माणूस जातो. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली साठतो, म्हणून टाकी बाहेर ठेवावी आणि खोलीच्या तळाशीही हवेला वाट ठेवावी.

वजन कुठं ठेवलं, याला फार महत्त्व आहे. जड सामान ॲक्सलच्या मागं गेलं की ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवते. म्हणून भार ॲक्सलवर आणि थोडा पुढं हुकाकडं असावा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ते प्रवासात न्यायचं नाही, मुक्कामी भरायचं.

हिशेब अडतो कुठं?

इथपर्यंत सगळं जमतं, खरी अडचण पुढं आहे. दहा कोयत्यांना दहा ट्रॉल्या लागतील. एक ट्रॅक्टर ओढणार फार तर दोन. शिवाय खर्च कामगाराच्या माथी आला तर तो उचलीतच धरला जाईल. आधीच उचल फिटता फिटत नाही, त्यात घराचं कर्ज कुणाला परवडणार? म्हणून ‘प्रत्येक कुटुंबाला चाकांवरचं घर’ ही कल्पना ऐकायला गोड असली तरी आज ती पेलणारी नाही.

पण तोच वेल्डर, तेच लोखंड आणि तेच सोलर वापरून टोळीला मिळून एक ट्रॉली देता येईल. राहायला नाही, सोयींसाठी. बारा बाय सहा फुटांच्या ट्रॉलीवर दोन संडास, दोन न्हाण्या आणि ५०० लिटरची टाकी बसते. मुक्कामी शोषखड्डा खणून पाइप जोडायचा. विजेचं गणितही सोपं आहे. वीस मोबाईल चार्ज करायला रोज अंदाजे ३०० वॅट-तास लागतात. पाच वॅटचे चार दिवे दहा तास चालले तर २०० वॅट-तास. एकूण झाले ५००. शंभर वॅटची दोन पॅनल चांगल्या उन्हात रोज ८०० च्या आसपास देतात. रात्रीपुरतं १२ व्होल्टची शंभर अँपिअर-तासाची बॅटरी पुरते.

टायरगाडीवाले बहुतेक हंगामभर कारखान्याच्या तळावरच असतात. तिथं कारखान्यानं पक्के संडास बांधायला काहीच हरकत नाही, चाकांची गरज नाही. गाडी सेंटरच्या टोळ्या मात्र ऊस जिथं तोडायचा त्या गावाला हलत राहतात. आज या शिवारात, पंधरा दिवसांनी त्या शिवारात. त्यांच्यासाठी पक्कं बांधकाम कोण करणार? चाकांचा खरा उपयोग इथंच आहे.

पैसा कुठून येणार?

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. आता बोटावर मोजा. हंगामात पाच लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे होतात ५० लाख. सरकारचे तेवढेच धरले तर एक कोटी. मुलांच्या वसतिगृहांनाही पैसा लागतो, विम्याला लागतो, हे मान्य. पण यातून वर्षाला चार-पाच सोयीच्या ट्रॉल्या निघणार नाहीत, असं कुणी म्हणू नये.

कागद नसेल तर ट्रॉली गळ्यात

मोटार वाहन कायद्यानं ट्रेलर हेही वाहनच आहे, त्याला नोंदणी लागते. नोंदलेल्या वाहनात मनानं बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, दोन्हीही होऊ शकतात. परिवहन खात्याच्या वाहनप्रकारांत ‘कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर’ असा प्रकार आहे, खासगी वापराचा वेगळा. म्हणजे कायद्याला ही वस्तू अनोळखी नाही. पण लोखंड कापायच्या आधी आरटीओत विचारा आणि नोंदणी होईल अशीच चॅसी घ्या.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. चालत्या ट्रॉलीत माणूस बसवू नका. मालाच्या वाहनात फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं आशा राणी खटल्यात सांगितलेलं आहे. अपघात झाला तर माणूसही जातो आणि घरच्यांना भरपाईसाठी फिरावं लागतं. मागं लाल दिवे आणि रेडियमची पट्टी तर हवीच. हंगामात रात्री अंधारात उभी ट्रॉली न दिसल्यानं दुचाकीवाले कसे जातात, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

बोलायचं कुठं?

सहकारी साखर कारखान्यांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, म्हणजे गाळप सुरू होण्याच्या तोंडावर. सभासदांनी ऊसदराबरोबर एक प्रश्न विचारावा : आमचा ऊस तोडणाऱ्या बायांना अंघोळीला आडोसा आहे का? मुकादमांनीही करार करताना ट्रॉलीची अट घालून बघावी. एका कारखान्यानं एका टोळीला एक ट्रॉली देऊन एक हंगाम काढला, तरी जमतंय की नाही ते कळेल. पर्यटकाला रस्त्यात संडास लागतो, हे सरकारला पटलं आहे. मग जी बाई पहाटेपासून ऊस तोडते, तिलाही तो लागतो, हे पटायला अवघड काय आहे?