पामीरच्या पोटातलं सुटं धान्य

शिडांच्या जहाजांचा धंदा वाफेनं बुडवला. ‘पामीर’ला मात्र तिच्या पोटातल्या धान्यानं दगा दिला. १९०५ साली हॅम्बुर्गला बांधलेली ही चार डोलकाठ्यांची पोलादी नौका १९४९ मध्ये केप हॉर्नला वळसा घालून गेली. माल वाहणाऱ्या शिडाच्या जहाजाची ती तिथली शेवटची फेरी. सप्टेंबर १९५७ मध्ये ब्युनोस आयर्सहून जव घेऊन परतताना अझोर्सजवळ चक्रीवादळानं तिला गाठलं. बहुतेक जव पोत्यांत नव्हताच, सुटा भरलेला. नौका कलली, धान्य एका कुशीला सरकलं, मग ती सावरलीच नाही. जहाजावरच्यांत निम्म्याहून अधिक तर शिकाऊ पोरं होती हो! नुसत्या वादळाला दोष देणं मला पटत नाही. माल नीट भरणं माणसांच्याच हाती होतं. ८६ पैकी सहाच वाचले.