जाळ पायजे, धूर नको

कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरच्या पिकअप मालक-ड्रायव्हर भावांना, आणि त्यांच्या गाड्यांचं पोट उघडणाऱ्या माझ्या धंदेबंधूंना

भावांनो,

आपल्याकडं कुणाचं कौतुक करायचं झालं की 'जाळ अन् धूर संगटच' म्हणतात. तांबड्या रश्श्याला म्हणा, तालमीतल्या पैलवानाला म्हणा, हरकत नाही. गाडीला म्हणू नका. डिझेल इंजिनातनं काळा धूर निघाला म्हणजे तेवढं डिझेल जळायचं राहिलं, आणि ते तुम्ही पंपावर रोख मोजून भरलेलं होतं.

पत्रक काढायला कारण झालं आंब्याच्या हंगामात. एक बीएस-६ पिकअप माझ्याकडं आली. साखरप्यापर्यंत बरी चालते, आंबा घाट लागला की पेट्यांच्या लोडवर दुसऱ्या गिअरमध्ये रडते, अशी तक्रार. मालक म्हणाला, "मिस्त्री, डीपीएफ तर कवाच काढून टाकलाय. तरी पिकअपला पिकअप न्हाई." गाडी वर घेतली. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा डबा, जागेवर होता, पण पोटावर वेल्डिंगचा जाड टाका. टिचकी मारली तर रिकाम्या घागरीसारखा वाजला. कुणीतरी डबा कापून, आतलं सिरॅमिकचं पोळं पहारीनं फोडून काढलं होतं आणि नुसतं पत्र्याचं खोकं परत शिवून दिलं होतं. वरून बघणाऱ्याला सगळं कंपनीचं वाटावं.

मूळ दुखणं दहा मिनिटांत सापडलं. इंटरकूलरचा रबरी पाईप क्लॅम्पच्या कडेला बोटभर फाटला होता. इंजिन बंद असताना ती फट दिसत नाही. रेस दिली की पाईप फुगतो, फट उघडते आणि टर्बोनं दाबलेली हवा फुस्स करून बाहेर जाते. हवा कमी पडली की काजळी वाढते. काजळी वाढली म्हणून डीपीएफ दर चार दिवसांनी भरत होता आणि डॅशबोर्डवर दिवा लागत होता. दारात कुत्रं भुंकतंय म्हणून कुत्र्याला मारलं, आणि चोर माडीवर तसाच बसून राहिला. पाईप बदलला, गाडी घाट चढली. डीपीएफचे पैसे मात्र पाण्यात गेले. नवा डबा किती पडतो ते ज्यानं कोटेशन बघितलंय त्याला विचारा.

आता माझं म्हणणं ऐका. डीपीएफ काढल्यानं गाडीत ताकद येते हे खोटं आहे. साफ असलेला डीपीएफ थोडा दाब अडवतो, पण तेवढ्यानं घाट अडत नाही. ताकद येते ती ईसीएममधली, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली, फाईल बदलल्यानं. डबा फोडणारे लोक दोन्ही कामं एकाच दिवशी करतात, म्हणून श्रेय पहारीला जातं.

फाईल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण हे तुम्हाला कुणी सांगत नाही. किती हवा आत आली की किती डिझेल सोडायचं, कोणत्या क्षणी सोडायचं, रेलमध्ये दाब किती ठेवायचा, टर्बोनं किती फुंकायचं, या सगळ्याचे तक्ते ईसीएममध्ये असतात. कंपनी ते तक्ते बेतानं लिहिते. तीच गाडी राजस्थानच्या उन्हात, हिमाचलच्या विरळ हवेत आणि क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याच्या हातात टिकायची असते. त्यामुळं थोडी जागा शिल्लक राहते. जाणता माणूस त्या जागेतून, टर्बोला आणि क्लचला झेपेल तेवढंच घेऊन, दहा-बारा टक्के टॉर्क काढू शकतो. घाटात तेवढा पुष्कळ होतो. दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाता येतं.

या तक्त्यांत एक धुराचा तक्ता असतो. हवेच्या मानानं डिझेलला लगाम घालणं हे त्याचं काम. आळशी ट्यूनर पहिला हात तिथंच घालतो आणि डिझेल वाढवून मोकळा होतो. हवा तेवढीच, डिझेल जास्त. गाडी दोन दिवस उड्या मारते, मागनं काळा ढग, आणि सायलेन्सरकडं जाणाऱ्या वायूचं तापमान वाढत जातं. ते सोसायचं पिस्टननं आणि टर्बोच्या पंख्यानं. अशी फाईल डीपीएफ जागेवर असलेल्या गाडीत घातली तर आठवड्यात दिवा लागेल आणि गिऱ्हाईक परत येऊन गळा धरेल. म्हणून त्याला आधी डबा फोडायचा असतो. डीपीएफ हा ट्यूनरचा परीक्षक आहे, आणि परीक्षकालाच वर्गाबाहेर काढून 'पास झालो' म्हणणाऱ्यांची आपल्याकडं गर्दी झालीय. ज्याचं पहिलंच वाक्य 'आधी डीपीएफ काढू' असं असेल, त्याच्या फाईलीचा निकाल तुम्हाला तिथंच कळला.

डीपीएफ ठेवून ट्यून करणं अवघड आहे, हेही कबूल करतो. डब्यात किती काजळी साठली याचा ईसीएम हिशेब ठेवतो. डब्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक एक सेन्सर मोजतो, आणि किती डिझेल जळलं यावरून ईसीएम स्वतःही अंदाज बांधतो. तुम्ही डिझेल वाढवलं आणि तो अंदाज तसाच ठेवला, तर हिशेबात काजळी कमी आणि डब्यात जास्त. मग काजळी जाळायच्या कामाला, म्हणजे रिजनला, उशीर होतो आणि साठलेला ढीग एकदम पेटला तर पोळ्याला तडा जातो. म्हणून फाईल घातल्यावर लोड भरून, घाट चढवून, स्कॅनरवर तो दाब बघत बसावं लागतं. वेळ जातो, डिझेल जातं. पहार स्वस्त पडते.

रिजनचं सांगितलंच पाहिजे, कारण निम्म्या गाड्यांना ट्यूनची नव्हे, त्याचीच गरज असते. काही शे किलोमीटर झाले की ईसीएम जास्तीचं डिझेल सोडून डब्यातलं तापमान साधारण ६०० अंशांवर नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्याला मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं चालणारी गाडी लागते. तुम्ही मार्केट यार्डात दोनशे मीटर पुढं, चावी बंद, परत दोनशे मीटर असं करत बसला की रिजन अर्ध्यावर तुटतं. असं वारंवार झालं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेनं ऑइलात उतरतं. पट्टी काढून बघा. ऑइल न घालता पातळी वर चढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते डिझेल आहे. ऑइलसुद्धा डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच घाला, कारण काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. आणि उसाच्या फडात गाडी घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: रिजन चालू असताना वाळलेल्या पाचटावर गाडी उभी करायची नाही. ६०० अंश म्हणजे चेष्टा नव्हे.

हे सगळं गाडी विकताना सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, छोट्या डिझेल गाड्यांच्या काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. एवढा मोठा बदल, आणि ड्रायव्हरच्या हातात काय दिलं? हार घातलेली गाडी, पेढ्याचा बॉक्स आणि एक पुस्तिका, ती अजून प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. दिवा लागला की सर्व्हिस सेंटर तालुक्याबाहेर, तिथं चार दिवसांचा नंबर, आणि इकडं आंबा सडतोय. अशा वेळी माणूस पहारवाल्याकडं जातो, त्याचा राग मला येत नाही. पहारवाल्याचा येतो.

तसंच ते युरियाचं. ज्या गाड्यांना धूर साफ करायला डीईएफ नावाचं द्रावण लागतं, त्या द्रावणात साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. आपले काही शहाणे उसाला घालायचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओततात. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुलिंबाचं तेल लावूनच येतो. ते तेल आणि बोअरचे क्षार नोझलवर दगडासारखे बसतात. वर अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा, तो वेगळाच.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणं परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १९० प्रमाणं प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद. 'पीयूसी पास झाली' म्हणून छाती काढू नका. तिथं डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात. जळका वायू थोडा परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरला पत्री मारल्यावर वाढणारे नायट्रोजनचे ऑक्साइड तिथं कुणी मोजत नाही.

"अमेरिकेत तर सगळे काढतात, व्हिडिओ बघितलाय," असं पोरं सांगतात. बरोबर आहे, काढले. तिथल्या पर्यावरण संस्थेनं २०२० मध्ये हिशेब मांडला: दहा-एक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा काढली गेली, आणि त्यांचा जास्तीचा धूर म्हणजे रस्त्यावर आणखी ९० लाख पिकअप आणल्यासारखा. पुढं काय झालं ते व्हिडिओत नसतं. रॅम पिकअपच्या इंजिनांच्या सॉफ्टवेअरनं धुराचे नियम चुकवल्याच्या आरोपावरून खुद्द कमिन्स कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी डॉलरांहून जास्त दंड भरायला कबूल झाली. पण त्याच अमेरिकेत कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ ट्यूनरची फाईल तपासतं, प्रदूषण वाढत नाही असं दिसलं तर तिला नंबर देतं, आणि तो नंबर गाडीच्या बॉनेटखाली चिकटवलेला असतो. तपासणीला उघड दाखवायचा. लपवाछपवी नाही.

माझी मागणी तेवढीच आहे. सीएनजी किटला तपासून मंजुरी मिळते, तशी रिमॅपच्या, म्हणजे तक्ते बदललेल्या, फाईललाही मिळू दे. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे, मोजायची यंत्रं आहेत. डीपीएफ, ईजीआर, सेन्सर जागेवर ठेवून जो ट्यून करेल त्याची फाईल घ्या, मोजा, नंबर द्या, फी घ्या. मग आम्ही शटर वर करून काम करू. आज चांगलं काम करणारा आणि पहारवाला एकाच अंधारात उभे आहेत, आणि परिवहन खात्याला दोघांतला फरक कळत नाही. तोवर माझा सल्ला सरळ आहे: वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका, आणि कुणालाही लावू देऊ नका.

हा धूर कुणाच्या नाकात जातो ते बघायचं तर पहाटे चार वाजता कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जा. पिकअप उलटी लागलेली असते, इंजिन चालू, आणि फाळक्याशी हमाल पेट्या उतरवत असतात. सायलेन्सर त्यांच्या पोटऱ्यांशी असतो. डिझेलचा धूर कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्येच लेखी दिलंय. त्या हमालांनी रिमॅप करून घेतलेला नाही.

आता पैज. पहारवाल्यांपैकी कुणाला मी थापा मारतोय असं वाटत असेल, तर त्यानं डबा फोडलेली गाडी साखरप्याला आणावी. त्याच मॉडेलची, वॉरंटी संपलेली, डीपीएफ जागेवर असलेली माझी गाडी मी आणतो. दोघांत सारख्या पेट्या, दोघांच्या टाक्या काठोकाठ. आंबा घाटाच्या माथ्यावर वेळ बघू आणि मलकापूरच्या पंपावर टाक्या परत भरून डिझेल मोजू. मग सायलेन्सर थंड झाल्यावर दोघांत पांढरं धोतराचं फडकं फिरवू आणि फडकी टपरीच्या दोरीला वाळत घालू. हरलो तर दोन्ही गाड्यांचं डिझेल आणि सगळ्यांची मिसळ माझ्याकडं.

आपला,
एक डिझेल मिस्त्री