कीबोर्ड घ्यायचा की लॅपटॉप? कर्ज काढायच्या आधी एवढं वाचा

आपल्या आटपाडी तालुक्यात वाजवणाऱ्या पोरांची कमी नाही. बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, भजनी मंडळ, सगळीकडं आहेत. त्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो : "दादा, सिंथेसायझर घेऊ, का लॅपटॉपवर प्लगइन टाकू?"

प्रश्न हौसेचा वाटतो, पण आहे कर्जाचा. स्टेजवर चालणारा चांगला कीबोर्ड लाखाच्या आसपास जातो. ज्या घरात डाळिंब साधलं तर वर्ष साधतं, त्या घरात लाख म्हणजे काय हे मी सांगायला नको.

यूट्यूबवर सगळे आवाजाचीच तुलना करतात. माझ्या मते तो वाद आता जवळपास संपला. १९७० चा मिनीमूग खरोखर विजेच्या दाबावर सूर काढायचा, ऊन वाढलं की सूर हलायचा. पण आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कीबोर्डच्या पोटात काय आहे? चिप आणि प्रोग्रामच! म्हणजे तोही एक कॉम्प्युटरच, फक्त एका कामाला बांधलेला. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला आणि त्या आवाजानं जग वेडं झालं. आज 'डेक्स्ड' नावाचं प्लगइन तोच आवाज फुकट देतं.

मग फरक कशात आहे? भरवशात.

यात्रेत धूळ, मे महिन्याचं ऊन, जनरेटरचा वरखाली होणारा करंट. कीबोर्डचं बटण दाबलं की तो वाजायला तयार. लॅपटॉप मधेच अपडेट मागतो, कधी साउंड कार्डाला ओळखच देत नाही. शिवाय स्वर उशिरा येतो. सेटिंगमध्ये बफर १०२४ ठेवला, तर बोट दाबल्यावर आवाज यायला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेजारी ढोलकी जोरात चालू असेल तर हाताला लगेच कळतं. बफर कमी केला तर जुना लॅपटॉप खरखरतो. एक मात्र मान्य करायला पाहिजे : लाइट गेली की कीबोर्ड मुका होतो, लॅपटॉपला निदान बॅटरी असते.

शिकायला मात्र लॅपटॉपच बरा. कानाला हेडफोन लावून रात्रभर वाजवा, घरचे झोपलेले राहतील. फक्त ते 'क्रॅक' नका टाकू. चोरी तर आहेच, वर व्हायरस फुकट. सर्ज एक्सटी आहे, व्हायटल आहे. दोन्ही पैसे न देता रीतसर मिळतात आणि दोन वर्षं शिकायला पुरून उरतात.

आपल्याच जिल्ह्यातलं मिरज बघा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा तिथं जातो आणि तंबोरा होऊन देशभर फिरतो. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या राडेलनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. आता तर मोबाइलवर ॲप आलंय. रियाजाचं बरंचसं काम डबीनं आणि मोबाइलनं नेलं, मैफलीत खरा तंबोरा राहिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. प्रत्येक साधनाला त्याची जागा असते, हे मिरजेनं आपल्याला दाखवलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत : आधी घरातला किंवा जुना लॅपटॉप, सोबत साधा मिडी कीबोर्ड आणि फुकटची प्लगइन्स. हात बसला, सुपाऱ्या यायला लागल्या, की त्या पैशातून कीबोर्ड. कमाई सुरू व्हायच्या आधी हप्ता सुरू करू नका.

आता थोडं मंडळांसाठी. यात्रेत, गणपतीत डॉल्बीवर आपण पैसा ओततो. रात्रीत छाती हादरते, सकाळी हातात काय? त्यातलाच थोडा भाग बाजूला काढून एक चांगला कीबोर्ड आणि एक कॉम्प्युटर गावच्या वाचनालयात ठेवला तर? वही ठेवा, पाळी लावा, येणाऱ्याला शिकवा. ग. दि. माडगूळकर आणि व्यंकटेश माडगूळकर ज्या तालुक्याचे, त्या तालुक्यातल्या पोराला एक स्वर वाजवून बघायला आधी कर्ज काढावं लागतं, हे आपल्याला शोभत नाही.

येत्या मीटिंगला वर्गणीचा हिशेब निघेल, तेव्हा एवढा एक विषय काढा. बघू, कुठलं मंडळ पहिलं पुढं येतंय.