ऐकलं जाण्याची खात्री

डोंबिवली-कल्याणच्या घरगुती प्रार्थनासभांतून हल्ली एक शब्द फार कानावर येतो: ‘क्लेम’. नोकरी क्लेम करा, पुनर्विकासातला फ्लॅट क्लेम करा, आईचा रिपोर्ट नॉर्मल आलाच आहे असं क्लेम करा. गाडीच्या गर्दीतून दमूनभागून आलेली माणसं डोळे मिटून मोठ्यानं आमेन म्हणतात. त्यांच्या विश्वासाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांना शिकवणाऱ्यांबद्दल.

योहानाच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढा आणि चौदावं वचन सावकाश वाचा. धैर्यानं मागा असं योहान सांगतो, पण हे धैर्य देवाच्या इच्छेला धरून मागण्यातलं आहे. सभेत नेमका तेवढाच भाग हळू आवाजात वाचला जातो. उलट त्या अटीनं बिचकलेलेही आपल्यात पुष्कळ आहेत. ते प्रत्येक वाक्याला ‘तुझी इच्छा असेल तर’ जोडतात. मागितलेलं नाही मिळालं तरी आपली फजिती व्हायला नको म्हणून. यात नम्रता थोडी आणि धास्ती जास्त.

देवाची इच्छा कळायची कशी, असं लोक पाळकांना विचारतात. अहो, पुष्कळशी लिहूनच ठेवली आहे. पाप कबूल केलं तर क्षमा मिळते. शहाणपण उणं पडलं तर मागावं, असं याकोब सांगतो. शत्रूसाठी प्रार्थना करावी, सर्व स्थितीत उपकार मानावेत, पवित्र जीवन जगावं. यातलं काही मागताना ‘तर’ लावायची गरजच नाही. खोलीच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे? समेट व्हावा ही देवाची इच्छा आहे की नाही, याचा विचार करत बसू नका. बिनधास्त मागा आणि आमेन म्हटल्यावर त्याला फोन लावा. फोन करायचाच नसेल तर ती प्रार्थना कशाला?

प्रश्न येतो तो न लिहिलेल्या गोष्टींचा. ही नोकरी, हे स्थळ, ही गाठ. इथे येशूनं गेथशेमानेत काय केलं ते बघा. प्याला टळावा असं त्यानं आधी स्पष्ट मागितलं, आडपडदा न ठेवता. पित्याच्या इच्छेचं बोलणं त्यानंतर आलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. मनातलं खरं मागणं गिळून थेट ‘तुझी इच्छा होवो’ म्हणणाऱ्यानं देवाला काही सांगितलेलंच नसतं. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची आपल्यापैकी कुणाची छाती आहे?

आपल्या ठाण्यातलीच गोष्ट घ्या. एप्रिल 1321 मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले: तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि देमेत्रिउस. पुढे इथे आलेल्या ओदोरिक या प्रवाशानं लिहून ठेवलेल्या हकिगतीत जेम्सला आगीत टाकतात आणि तो प्रार्थना करत सुखरूप बाहेर येतो. पण हकिगत तिथे थांबत नाही. नंतर त्याच जेम्सला ठार मारलं जातं. आजच्या साक्षीत आपण आगीपर्यंतच सांगून खाली बसलो असतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायातही तसंच: पेत्र तुरुंगातून सुटतो, पण त्याआधी याकोब तलवारीनं मारला गेलेला असतो. दोघेही येशूच्या अगदी जवळचे.

पंडिता रमाबाईंकडे तर आपण पुन्हापुन्हा जायला हवं. 1874 च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीनं गेले, 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी जी प्रार्थना शिकवली ती अशा बाईनं शिकवलेली आहे, हे विसरू नका. 1905 मध्ये तिथे मोठं संजीवन झालं, त्याच्या आधी मुलींचे गट रोज प्रार्थनेला बसत होते. पण त्याच आवारात विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, छापखाना चालला. गुडघे टेकणं आणि कुदळ मारणं यांत बाईंना विरोध दिसला नाही. मनोरमाबाई, एकुलती एक लेक, कामाची वारसदार, 24 जुलै 1921 रोजी आईच्या आधी गेली. लेकीसाठी त्या माऊलीनं मागितलं नसेल? तरी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ छापून आला तो त्यानंतर.

म्हणून काही गोष्टी कळकळीनं सांगतो. बरं होण्यासाठी जरूर मागा, पण प्रार्थना झाली म्हणून इन्सुलिन किंवा रक्तदाबाची गोळी बंद करू नका, आणि कुणी करायला सांगितलं तर त्या सभेतून उठून या. देणगीचा आकडा आणि उत्तराची हमी एकत्र जोडणाऱ्याला पाकीट देऊ नका. सभा चालवणाऱ्यांनो, साक्षीच्या वेळेत ज्याचं मागणं पूर्ण झालं नाही अशा माणसालाही उभं करा; तरीही तो रविवारी उपासनेला का येतो, हे मंडळीला ऐकू द्या. तुमची स्वतःची यादी असेल तर तिच्यात वर्षानुवर्षं तेच मागणं राहिलं म्हणून ते खोडू नका. मात्र मधूनमधून ती यादी वाचताना, आपण काय मागतोय आणि का, हे स्वतःला विचारा. काही मागण्या आपोआप बदलतात. पगारवाढ मागणारा माणूस कधीकधी रागीट साहेबासाठी प्रार्थना करू लागतो. मला तर ते मोठं उत्तर वाटतं.

आणि ज्या घरात मूल गेलं आहे तिथे ‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कुणीही, कधीही उच्चारू नये. तिथे देवाच्या इच्छेवर प्रवचनही नको. जेवणाचा डबा घेऊन जा, भांडी घासून या, आणि त्यांनी सांगितलं तरच प्रार्थना करा, तीही छोटी.