८७.४ चे शून्य कसे झाले?

परवा माझी भाची रडवेली होऊन आली. "मामा, उद्या वर्गात निकालाचं वेबपेज दाखवायचंय, आणि ते सगळ्यांनाच शून्य टक्के देतंय!"

सर्व्हरवरचा प्रोग्रॅम जावा भाषेतला. ५०० पैकी ४३७ गुणांसाठी तिनं लिहिलं होतं: ४३७ / ५०० * १००. (प्रोग्रॅममध्ये आकडे इंग्रजी हं!) वहीत उत्तर येतं ८७.४. पण जावाला दोन्ही संख्या पूर्णांक मिळाल्या, की ती भागाकारही पूर्णांकातच देते. दशांश चिन्हापुढचं सरळ छाटते! म्हणजे ०.८७४ चे झाले शून्य, आणि शून्य गुणिले शंभर शून्यच.

मग तिनं उत्तर 'डबल', म्हणजे दशांशाच्या प्रकारात बदललं. आलं ०.०! बैल गेला अन् झोपा केला. आधी शंभरनं गुणलं, तर ८७ आले; .४ गायबच. शेवटी लिहिलं: ४३७ * १००.० / ५००. त्या इवल्याशा '.०'मुळे सगळं गणित दशांशात झालं आणि ८७.४ झळकले!

जावास्क्रिप्टमध्ये मात्र हा घोळ होत नाही. नावं सारखी, पण भाषा वेगळ्या.

आता सांगा, जावात -७ / २ किती? -४ म्हणालात? चूक! -३.