लहान विक्रेता आणि अमर्याद हमी

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून घडणारी स्टेनलेस स्टीलची भांडी पूर्वी घाऊक व्यापाऱ्यांमार्फत बाजारात जात. आज असा माल ऑनलाइन विक्रीमंचांवरूनही विकला जातो. घाऊक व्यापाऱ्याशी होणारा व्यवहार बराचसा शब्दावर आणि उधारीच्या वहीवर चाले. मंचावर दुकान मांडण्यापूर्वी मात्र लांबलचक करारनामा मान्य करावा लागतो. त्यातील क्षतिपूर्तीचे कलम सहसा कोणी वाचत नाही. वाचले तरी लहान विक्रेत्याला ते बदलून मिळत नाही.

विक्रेत्याच्या मालामुळे किंवा वर्तनामुळे मंचाविरुद्ध जे दावे उद्भवतील त्यांची भरपाई, वकिलांच्या खर्चासह, विक्रेत्याने करावी, असा या कलमाचा सर्वसाधारण आशय असतो. तत्त्वतः त्यात गैर काही नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याची 124 व 125 ही कलमे अशा हमीला मान्यता देतात. इतकेच नव्हे, तर 1942 साली गजानन मोरेश्वर परेलकर यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी असा निर्णय दिला की, दायित्व निश्चित झाले असेल तर हमी मिळालेल्या पक्षाने प्रत्यक्ष पैसे भरेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. म्हणजे मंचाने पदरचा रुपया खर्च करण्यापूर्वीही विक्रेत्याकडे तगादा लागू शकतो.

आक्षेप हमीला नाही, तिच्या अमर्यादपणाला आहे. जोखीम ज्याला कमीत कमी खर्चात टाळता येते त्यानेच ती वाहावी, हा अर्थशास्त्रातील साधा विचार आहे. धातूचा दर्जा विक्रेत्याच्या हाती असतो. मंचाचे कोठार, वाहतूक आणि जाहिरात त्याच्या हाती नसते. विमा कंपनी हप्ता घेऊन जोखीम पत्करते. येथे जोखीम पत्करणाराच वर दलाली भरतो!

ऑगस्ट 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दर्जाचे निकष न पाळणाऱ्या 2,265 प्रेशर कुकरच्या विक्रीबद्दल ॲमेझॉनला 1 लाख रुपये दंड केला. प्रत्येक विक्रीतून कमाई करणाऱ्याला जबाबदारीतून अंग काढून घेता येणार नाही, हे त्यामागील सूत्र होते. असा प्रत्येक भार करारातील एका कलमाच्या वाटेने विक्रेत्याच्याच माथी जाणार असेल, तर मंचांना लावलेली शिस्त कागदावरच राहील.

करार स्वेच्छेने केला, असे उत्तर यावर दिले जाईल. दुर्बल पक्षावर लादलेल्या अन्याय्य अटी रद्द ठरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये मान्य केले. पण दोन व्यावसायिकांमधील व्यापारी करार त्यातून वगळले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील अन्याय्य करारांची तरतूदही ग्राहकासाठी आहे. गाळ्यात चार कामगारांनिशी भांडी घडविणारा कारखानदार या दोहोंच्या मध्येच राहतो. युरोपीय संघाने मात्र 2019 चा नियम करून व्यावसायिक विक्रेत्यांसाठी सुबोध अटी आणि त्या बदलण्यापूर्वी किमान 15 दिवसांची सूचना बंधनकारक केली.

भारतानेही त्यापुढे एक पाऊल टाकावे. क्षतिपूर्ती विक्रेत्याच्या स्वतःच्या दोषापुरती असावी, तिला रकमेची मर्यादा असावी, आणि दावा येताच त्याला कळवून बचावाची संधी द्यावी. एवढ्याने मंचांचा व्यापार बुडणार नाही. एका दाव्यात बुडू शकतो तो लहान गाळेधारक, आणि त्याच्यासोबत त्याच्या कामगारांची रोजीरोटी.